सत्तावीस कामं आणि अकरा रविवार

21 जुलै 2024. गुरुपौर्णिमा होती, म्हणून तारीख लक्षात राहिली. इंदूरजवळच्या महूच्या दक्षिणेला माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याचा कडा चोरल नदीकडे उतरायला लागतो. तिथल्या आमच्या नेहमीच्या पायवाटेवर आमच्या भटकंतीच्या क्लबमधलीच एक मुलगी घसरली. पडली जेमतेम चार फूट, पण घोट्याचं हाड मोडलं. ओढणी, दोन काठ्या आणि आळीपाळीने पाठ देणारी सहा माणसं, एवढ्या सामग्रीवर तिला गाडीपर्यंत आणायला पावणेतीन तास लागले. इंदूरला पोचेस्तोवर ती एकदाही रडली नाही. मी मात्र घरी येऊन रडले, कारण क्लबची सचिव मी आहे आणि ती जागा घसरडी झाल्याचं मला आदल्या वर्षापासून माहीत होतं.

पायवाटेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मागे एकदा फोटोसकट लिहिलं होतं, तर पुढच्याच रविवारी तिथे तीस मोटारसायकली उभ्या होत्या.

आमचा क्लब तसा साधाच. व्हॉट्सअ‍ॅपवर अठ्ठेचाळीस नावं, प्रत्यक्षात दहा-बारा. बहुतेक इंदूरच्या सुदामानगर, लोकमान्यनगर भागातली मराठी मंडळी, काही महूची. हिंडणं हे मूळ काम, आणि वर्षातून दोनदा ‘वाट साफ करणं’ म्हणजे प्लास्टिक वेचून फोटो काढणं. वर्षाचा आराखडा, कामांचा अग्रक्रम, असले शब्द आमच्यात कोणी उच्चारलेच नव्हते. त्या घसरण्यानंतर उच्चारावे लागले. हे सगळं कसं झालं ते लिहून ठेवते आहे. तुमचाही असाच एखादा गट असेल तर निदान आमच्या चुका तरी टळतील.

25 ऑगस्टला आमच्याकडे बैठक ठेवली. पोहे, शेव, चहा आणि भिंतीला चिकटवलेला एक मोठा कार्डशीट. ज्याला जे काम करावंसं वाटतं ते त्याने लिहायचं. तासाभरात सत्तावीस कामं झाली. दिशादर्शक पाट्या, बसायला बाक, कड्यापाशी कठडा, नवी पायवाट, शंभर झाडं, टी-शर्ट, पक्ष्यांची यादी, शाळेच्या मुलांची सहल, टणटणीचं, म्हणजे घाणेरीचं, रान काढणं, पायऱ्या. घसरलेल्या जागेचं काम एकविसाव्या नंबरवर होतं, तेही मीच लिहिलेलं. पाट्या आणि टी-शर्ट दोन्हींवर क्लबचं नाव हवं, याबद्दल मात्र कमालीचं एकमत होतं.

मग हात वर करून मतदान घेतलं. ही पहिली चूक. मतदानात नवी पायवाट पहिली आली, कारण ती कल्पनेत सगळ्यात सुंदर होती. आमचे अण्णा, वय 71, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. एवढंच म्हणाले, “अगं, जुनी का खराब झाली ते कळल्याशिवाय नवी कशाला? तीही तशीच खराब करशील.” आणि सुचवलं की पाऊस आहे तोवर जाऊन पाणी कुठून वाहतं ते बघू या.

गणपती तोंडावर होते, त्यामुळे लगेच पुढचा रविवार, 1 सप्टेंबर ठरला. पाच जण आलो. ज्या दिवशी कोणी डोंगरात जाऊ नये असा पाऊस होता, त्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो. नाल्याच्या अलीकडेच थांबायचं, ओलांडायचा नाही, हे मात्र आधीच ठरवलं होतं. 2011 च्या जुलैमध्ये महूजवळच्या पाताळपाणी धबधब्याला पाणी अचानक वाढून माणसं वाहून गेली होती, ते इकडे कोणी विसरलेलं नाही.

तीस मीटरचा टेप, जुन्या साडीच्या लाल-पिवळ्या चिंध्या आणि एक वही. पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे पाडत 2.4 किलोमीटर चाललो. वाटेवरून पाणी वाहतं तिथे लाल चिंधी, साचतं तिथे पिवळी. खडू, चुना वगैरे नेऊ नका, पाच मिनिटांत धुऊन जातं. वही प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून लिहायची आणि पेनाऐवजी शिसपेन घ्यायची. परत येईपर्यंत 41 चिंध्या बांधून झाल्या होत्या.

त्या दिवशी जे दिसलं ते इतकी वर्षं चालूनही दिसलं नव्हतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि साबणासारखी होते. माणूस चिखल टाळायला कडेने जातो, कडेचं गवत मरतं, तिथेही चिखल होतो, पुढचा माणूस आणखी कडेने जातो. दीड फुटाची वाट एका ठिकाणी साडेअकरा फूट भरली. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ हे माळव्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या वाटेपुरतं ते पग पग नीर म्हणजेच रोग होता.

उतार मोजायला फोनमधलं अ‍ॅप वापरलं. पाताळपाणी ते कालाकुंड हा होळकरांच्या काळात बांधलेला रेल्वेचा घाट देशातल्या तीव्र चढांमध्ये गणला जातो, आणि तिथला चढ 40 ला 1 आहे, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आमची मुलगी घसरली तिथे 4 ला 1 होता. माणसाला एवढा चढ चालतो, मातीला चालत नाही. अण्णांनी छत्रीच्या टोकाने चिखलात रेघ ओढून नियम सांगितला: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे पाणी वाट ओलांडून जातं. त्याहून जास्त असला की पाणी वाटेलाच ओढा समजतं.

पुढची फेरी 15 सप्टेंबरला, पायथ्याच्या पाड्यावरच्या एका आजींबरोबर. शेळ्या घेऊन त्या रोज तिथूनच जातात. त्यांना आधी विचारायला हवं होतं हे आम्हाला इतक्या उशिरा सुचलं, याची लाज वाटते. घसरड्या जागेपाशी आजी थांबल्या आणि हसून म्हणाल्या, “ये रस्ता थोड़ी है. ये तो तुम लोगों ने बनाया.” जुनी वाट डावीकडून वळसा घेत उतरायची, सागाच्या दोन झाडांमधून. शहरातून येणाऱ्यांनी तो वळसा वाचवायला सरळ खाली उतरायला सुरुवात केली आणि आठ-दहा पावसाळ्यांत ती घळ झाली. जुनी वाट टणटणीखाली अजून शाबूत होती. आजींनी काठीने फांद्या बाजूला केल्या, आणि खाली पायाने गुळगुळीत झालेले दगड दिसले.

‘आम्ही ही वाट सांभाळतो’ असं मी चार जणांना सांगितलेलं आहे. त्या दुपारी ते फार टोचलं.

आता कागदपत्रांबद्दल. जागा राखीव जंगलातली. भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे राखीव जंगलात परवानगीशिवाय झाडझाडोरा तोडणं, जमीन साफ करणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. म्हणजे आमचं कोयता घेऊन ‘वाट साफ करणं’ इतके दिवस काय होतं, ते तुम्हीच समजा. 23 सप्टेंबरला वनखात्याकडे पहिला अर्ज दिला. तो परत आला, आणि ते बरोबरच होतं. आम्ही लिहिलं होतं, ‘परिसरात स्वच्छता व दुरुस्तीचे कार्य करू इच्छितो.’ यावर कोण सही करेल?

अर्जात लागलेल्या गोष्टी अशा: वनकक्षाचा, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्याचा, क्रमांक आणि त्यावर वाट दाखवणारा नकाशा, कामाचा प्रकार आणि नेमक्या जागा, अवजारांची यादी, येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती, तारखा, आणि संस्थेची कागदं. कक्ष क्रमांक आपल्याला घरबसल्या सापडत नाही, त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला भेटून विचारा. त्यांनी आम्हाला दहा मिनिटांत सांगितला, शिवाय आमच्या नकाशात नाला चुकीच्या बाजूला काढलाय हेही. संस्थेच्या कागदांत आमचं बिंग फुटलं. मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली आमची नोंदणी आहे, आणि त्यातल्या धारा 27 प्रमाणे कार्यकारिणीची यादी दरवर्षी द्यायची असते. आम्ही दोन वर्षं दिलेलीच नव्हती. एका दिवंगत काकांचं नाव अजून कोषाध्यक्ष म्हणून होतं. ते निस्तरण्यात नवरात्र गेलं. दंड आणि शुल्क कोषाध्यक्षांनी, म्हणजे हयात असलेल्या, स्वतःच्या खिशातून भरलं.

दिवाळीमुळे आणखी उशीर. एकूण चार खेपा घातल्या. दर खेपेला अर्ध्या दिवसाची रजा. परवानगीचं पत्र हातात पडलं 11 नोव्हेंबरला, पहिल्या अर्जानंतर 49 दिवसांनी. अटी: झाड तोडायचं नाही, दगड तिथलेच सुटे वापरायचे, फोडायचे नाहीत, सिमेंट आणि रंग नाही, वनरक्षकाला आदल्या दिवशी कळवायचं, सूर्यास्ताआधी बाहेर. आणि सगळं 15 फेब्रुवारीच्या आत, कारण तिथून वणव्याचा मोसम धरतात.

या तारखेनेच आमचा अग्रक्रम ठरवला, आमच्या शहाणपणाने नव्हे. 17 नोव्हेंबर ते 9 फेब्रुवारी तेरा रविवार. त्यातला 26 जानेवारीचा गेला, एक सदस्याच्या घरच्या लग्नात गेला. राहिले अकरा. गेल्या दोन वर्षांची हजेरी काढली तर सरासरी नऊ माणसं. प्रवास, चहा आणि दम खाणं वजा जाता माणशी चार तास खरं काम. अकरा गुणिले नऊ गुणिले चार, 396 तास. अण्णांनी हा आकडा कार्डशीटच्या डोक्यावर लाल स्केचपेनने लिहिला आणि म्हणाले, “हा आपला पगार. आता याच्यात महिना भागवा.”

मग प्रत्येक कामापुढे अंदाजे तास लिहिले. बेरीज अकराशे पन्नासच्या वर गेली. बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. उत्साही भाचेमंडळींनी ‘माणसं वाढवू’ म्हटलं, तर अण्णांनी हजेरीपट पुढे सरकवला.

चाळणीला आम्ही चार प्रश्न लावले. न केल्यास कोणी पडेल का? न केल्यास पुढच्या पावसात दुपटीने बिघडेल का? परवानगीत बसतं का? आपल्या हातांनी होतं का? पाट्या पहिल्याच प्रश्नाला गळल्या. बाक दुसऱ्याला. कड्यावरचा कठडा पहिल्या प्रश्नात सगळ्यांत वर, पण सिमेंटशिवाय तो भक्कम होत नाही आणि डळमळीत कठड्यावर भरवसा ठेवणारा माणूस नसलेल्या कठड्यापेक्षा लवकर पडतो. तोही गेला. खूप वाद झाला झाडांवरून. एक ओळखीचे व्यापारी पंचवीस हजार द्यायला तयार होते, शंभर रोपं आणि एक मोठी पाटी. नाही म्हणणं मला अतिशय जड गेलं. पण रोपं पावसाळ्यात लागतात, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरलेलं नव्हतं, आणि जंगलात झाडं कोणती लावायची हे ठरवणारे आम्ही कोण? एक काकू अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

राहिली चार कामं. वाटेवरचं पाणी बाहेर काढणारे बावीस तिरके बांध, 132 तास. सरळ उतरणारी घळ बंद करून जुना वळसा उघडणं, 60 तास. अगदीच घसरड्या तुकड्यावर दगडाच्या चौदा पायऱ्या, 112 तास. वाटेवर झुकलेली टणटणी छाटणं, 40. एकूण 344. उरलेले 52 तास मी हट्टाने मोकळे ठेवले आणि तेच सगळ्यात उपयोगी पडले.

इंदूरच्या सियागंज बाजारातून अवजारं आणली: चार कुदळी, तीन फावडी, दोन पहारी, सहा तगाऱ्या, जाड हातमोजे. 6,840 रुपये. प्रथमोपचाराची पेटी 1,900. हातमोज्यांत कंजूषी करू नका. स्वस्तातले सहा जोड पहिल्याच रविवारी फाटले.

17 नोव्हेंबर. पहिला तिरका बांध. वाटेला आडवा, जमिनीत दोन-तृतीयांश पुरलेल्या दगडांचा, वरच्या अंगाला उथळ चर, खालच्या टोकाला पाणी निघून जायला मोकळं तोंड. आम्ही तो घराच्या उंबऱ्यासारखा अगदी काटकोनात घातला. दिसायला देखणा, फोटोही निघाले. अण्णा गाडीतून वीस लिटरचा पाण्याचा जार आणायला सांगत होते, तो वर चढवताना दोघांनी त्यांना मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते असो. जार ओतला. पाणी दगडाशी येऊन थबकलं, चरात माती टाकली, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि बांधावरून उडी मारून परत वाटेला लागलं. एका जारात चर निम्मा भरला. दगड उपसून पुन्हा लावले, या वेळी वाटेशी साधारण 45 अंशांत तिरके. दुसरा जार. पाणी तोंडाकडे वळलं, माती स्वतःच ढकलत घेऊन गेलं आणि गवतात नाहीसं झालं. वनरक्षकदादा इतका वेळ झाडाला टेकून बघत होते, ते पुढे येऊन म्हणाले, “एक बार और डालो.” त्यानंतर एकही बांध पाणी ओतल्याशिवाय पास केला नाही. तोपर्यंत बाकीच्यांनी तसेच काटकोनात घातलेले पाच बांधही आम्ही परत काढले, मोकळ्या ठेवलेल्या तासांतले तीस तास तिथे गेले.

दगड उचलताना एक सवय लावून घ्या. दगडाची आपल्याकडची कड उचलू नका, उघडणारं तोंड आपल्याच पायांशी येतं. आपल्याकडची कड जमिनीत टेकलेली ठेवायची आणि पलीकडची कड उचलून दगड आपल्या अंगाकडे कलता करायचा, म्हणजे दगड मधे आड राहतो आणि खाली जे असेल ते समोर पळतं. हे वाक्य लिहायला अवघड, करून दाखवायला सोपं. आम्हाला तीन महिन्यांत अकरा विंचू आणि एक फुरसं दिसलं. चावलं कोणीच नाही. जवळचं विषउतारा ठेवणारं रुग्णालय कुठलं ते आधीच विचारून ठेवलं होतं, नुसतं ‘महूला असेलच’ असं धरून चालू नका.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मावठा झाला. गव्हाच्या काळजीत असलेल्या पाड्यावरच्या लोकांसमोर आनंद दाखवायचा नव्हता, पण आम्ही तिघी दुसऱ्याच दिवशी पळत गेलो. झालेल्या अकरा बांधांपैकी नऊ चालले होते. दोन बांधांचं तोंड अरुंद होतं.

घळ बंद करणं सगळ्यात कठीण. दगड आणि काटेरी फांद्या टाकल्या, लोकांनी त्या बाजूला केल्या. पुन्हा टाकल्या. शेवटी आजी म्हणाल्या, वाट बंद करू नका, दिसेनाशी करा. वरचं तोंड पहिल्या दहा पावलांपुरतं पालापाचोळा, वाळल्या फांद्या आणि गवताच्या ढेकळांनी झाकलं, आणि जुन्या वळशाचं तोंड रुंद, स्वच्छ ठेवलं. माणूस उघड्या वाटेनेच जातो. मी लपून, म्हणजे डबा खात, एक तास बघितलं. सतरा जण गेले, पंधरा वळशाने.

9 फेब्रुवारीला अवजारं धुऊन, तेल लावून ठेवली तेव्हा हिशेब असा होता: बावीसपैकी सतरा बांध, चौदापैकी नऊ पायऱ्या, घळ बंद, टणटणी निम्मी. एका पायरीला आठ तास धरले होते, लागले अकरा. दगड शोधण्यातच वेळ जातो, हे पुढच्यांनी धरून चालावं. खर्च पेट्रोल, झेरॉक्स, चहासकट 14,300. त्या दिवशी परतताना कालाकुंडला जाऊन पळसाच्या पानातला कलाकंद खाल्ला, तो हिशेबात धरलेला नाही.

22 जून 2025 ला चांगला पाऊस झाल्यावर परत गेलो, पुन्हा त्याच वहीसकट. सतरापैकी चौदा बांध नीट वाहत होते. तिघांत सागाची मोठाली पानं अडकून चर बुजले होते, हातानेच काढली आणि पाणी सुटलं. म्हणजे पावसाच्या आधी एक रविवार फक्त पानं काढायला हवा, हे आम्ही मोजलंच नव्हतं. साडेअकरा फूट रुंद झालेल्या जागी कडेला गवताची कोवळी लव होती. मागच्या वर्षी घसरलेली मुलगीही बरोबर होती. पायऱ्यांपाशी थांबली, मोजल्या, म्हणाली, “नऊच? चौदा म्हणाला होतात.”

यंदाचा अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे. कक्ष क्रमांक आहे, नकाशातला नाला योग्य बाजूला आहे, धारा 27 ची यादी भरली आहे. कार्डशीट अजून आमच्या भिंतीवरच आहे. परवा कोणीतरी त्यावर टी-शर्टपुढे बरोबरची खूण करून गेलं, कोण ते शोधते आहे.